खोडलेलं उणं

"मॅडम, गणित बरोबर आलंय. फक्त उणं आलंय."

"मग?"

"मग काय, उणं खोडलं."

वर्ग हसला. मी हसले नाही. हसायलाही अंगात थोडं बळ लागतं आणि मे महिन्यातल्या त्या दुपारी ते माझ्याजवळ नव्हतं. वरचा पंखा गरम हवा खाली ढकलत होता. माणदेशातलं तालुक्याचं गाव, पत्र्याच्या छपराचं पॉलिटेक्निक, आणि सर्किटच्या पेपरात नापास झालेल्यांसाठी सुट्टीत घेतलेला जादा वर्ग. बाकी सगळे शिक्षक आपापल्या गावी गेले होते. मी गावातलीच, त्यातून एकटी, म्हणून हा वर्ग दर वर्षी माझ्याकडे यायचा. कुणी विचारत नसे. वेळापत्रक लागायचं, त्यात "हेंद्रे मॅडम" असं लिहिलेलं असायचं.

फळ्यापाशी सिंधू बंडगर उभी होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली, वस्तीवरून दोन एसट्या बदलून येणारी. तोंडानं फटकळ आणि हातानं चलाख. तिच्या बोटाला खडू लागला होता आणि फळ्यावर, उत्तराच्या डाव्या बाजूला, उण्याची रेघ जिथे होती तिथे पांढरट धब्बा उरला होता.

"उणं का खोडलंस?"

"वाईट दिसतंय, मॅडम. उणं दिसलं की तपासणारा काट मारतोय."

हे मला नवं नव्हतं. डायोडच्या गणितात मुलं हीच चूक करायची. डायोड म्हणजे एकाच बाजूनं उघडणारं दार. वीज एकीकडून आली तर दार उघडतं, उलटीकडून आली तर मिटतं. नुसत्या तारा आणि रेझिस्टन्स असले की गणित सरळ सुटतं. डायोड आला की सरळपणा संपतो, कारण दार उघडं की बंद हे कळल्याशिवाय गणित मांडताच येत नाही, आणि गणित सोडवल्याशिवाय ते कळत नाही. म्हणून आम्ही शिकवायचो, गृहीत धरा. धरा की दार उघडं आहे. मग किती वीज वाहते ते काढा. उत्तर अधिक आलं तर धरलेलं खरं. उणं आलं तर आपण चुकीचं धरलं, डायोड बंद आहे. मागे फिरा आणि पुन्हा मांडा.

मुलं मागे फिरत नसत. उणं खोडायची आणि उत्तराखाली दोन रेघा ओढायची.

"ती चूक नव्हती गं," मी म्हटलं. "उणं म्हणजे डायोडचा निरोप. मी बंद आहे, तू उगाच मला चालू धरलंस, असं तो सांगतोय. तू त्याचं तोंडच दाबलंस."

"मग आधीच विचारायचं ना त्याला! धरत कशाला बसायचं?"

"कुणाला?"

"डायोडला. बाबा, तू चालू हाईस का बंद?"

मागून कुणीतरी ओरडलं, "तुझ्या मेंढराला इचार आधी!"

"मेंढरू सांगतंय तरी," सिंधू मागे न बघता म्हणाली. "तुझ्यागत पेपरात मुकं बसत न्हाई."

या वेळी मला थोडं हसू आलं.

वर्ग सुटल्यावर देशमाने सरांनी बोलावलं. ते आमचे विभागप्रमुख. माणूस भला, आवाजात कायम एक मायाळू घाई.

"बसा मॅडम. ते औरंगाबादचं परत आलंय. एम. ई.साठी कॉलेजतर्फे पाठवायचंय एकाला. दोन वर्षं, पगार चालू. शनिवारी नाव कळवायचं." त्यांनी समोरचा कागद सरळ केला. "तुमचं नेहमीप्रमाणे जमणार नाहीच, असं गृहीत धरून मी जाधवांचं नाव टाकलंय. पेन्सिलनं. म्हटलं, आपलं कानावर घालावं."

"बरं, सर."

"वडील कसे आहेत?"

"आहेत तसेच."

"तुम्ही आहात म्हणून. नाहीतर आजकाल कोण करतं एवढं?"

मी उठले. मला जायचं होतं. नोकरीला लागले त्या वर्षापासून जायचं होतं. दोनदा कागद आला आणि दोनदा मी नाही म्हटलं. पहिल्यांदा आई गेली होती, दुसऱ्यांदा आबा, माझे वडील, नुकतेच झटक्यातून उठले होते. ही तिसरी आणि शेवटची वेळ होती, पुढच्या वर्षी माझं वय त्या नियमात बसणार नव्हतं. सरांना ते ठाऊक होतं. मलाही होतं. आम्ही दोघं ते न बोलता बोलत होतो.

दारापर्यंत गेले आणि थांबले.

"सर, शाईनं लिहू नका अजून. शनिवारपर्यंत."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "का हो? काही बदल आहे का घरी?"

"नाही," मी म्हटलं. बदल काहीच नव्हता. दुपारपासून "धरून" हा शब्द तेवढा डोळ्यात गेलेल्या कुसळासारखा खुपत होता.

आमचं घर शिंपी आळीत. पुढच्या खोलीत आबांचं शिलाई मशीन, त्यावर फुलाफुलांची चादर टाकलेली. चाळीस वर्षं त्या मशीनच्या आवाजावर आमचं घर जागं व्हायचं आणि त्याच आवाजावर झोपायचं. मग एका सकाळी आबांचा उजवा हात आणि उजवा पाय त्यांचं ऐकेना. पाय हळूहळू काठी घेऊन चालू लागला. हात मात्र धुऊन वाळत घातलेल्या बाहीसारखा खांद्याला लटकत राहिला. त्याला पाच वर्षं झाली होती.

सकाळी उठून आबांची आंघोळ. मग सदरा. आधी लुळा हात बाहीत, मग धडका, मग वरपासून खालपर्यंत बटनं. आबा हनुवटी वर करून बसायचे, न्हाव्यापुढे बसावं तसे. मग वाटीतून दूध, आणि मिशीला लागलेलं दूध माझ्या पदरानं पुसणं. त्या वेळी ते डोळे मिटून घेत. मला वाटे, बरं वाटत असेल. मग माझा डबा, त्यांचं झाकून ठेवलेलं दुपारचं जेवण, आणि धावत कॉलेज. संध्याकाळी हेच सारं उलटीकडून.

भाऊ दत्तू पिंपरीला. पंधरवड्यातून आळीतल्या पतंग्यांच्या दुकानात त्याचा फोन यायचा. "ताई, तू आहेस म्हणून मला घोर नाही गं." मी म्हणायची, "नको करूस घोर." आणि फोन ठेवायची.

त्या संध्याकाळी पतंगे तात्या येऊन बसले होते. आबांचे जुने दोस्त, तेही शिंपीच. आळीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. मी आत चहा टाकला.

"कसं काय मग?" तात्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात कसलं तरी हसू दडल्यासारखं वाटलं, पण तात्यांच्या आवाजात ते नेहमीच असायचं.

"बेस की," आबा म्हणाले. "पोरगी हाय ना. कशाचं उणं म्हणून पडू दिलं न्हाई तिनं."

चहा उतू आला. मी फडक्यानं ओटा पुसत राहिले. एका दिवसात तो शब्द दुसऱ्यांदा आला होता. लहानपणापासून ऐकत आलेला, हळदीकुंकवासारखा घरचा शब्द. आई जात्यावर बसली की गायची:

*उणं दावू नये कुणा, पदराखाली झाकावं*
*सये जीवाचं गाऱ्हाणं, जात्या दगडा सांगावं*

आईनं जन्मभर झाकलं. जातं बोलत नाही, म्हणून ते कुणाला कळलं नाही. आमच्या घरात तर जातंही उरलं नव्हतं, पीठ गिरणीतून यायचं.

जेवणं आटोपली आणि मी मुलांच्या सरावाच्या उत्तरपत्रिका घेऊन बसले. सिंधूची हातात आली. तेच गणित, दोन डायोडचं. तिनं उणं इतक्या जोरात खोडलं होतं की कागदाला त्या जागी भोक पडलं होतं. मी लाल पेन हातात धरून त्या भोकाकडे बघत बसले. पलीकडे आबा कुशीवर वळले. मला वाटलं, उठून विचारावं. काय विचारावं ते मात्र सुचेना. जाऊ का, असं विचारलं तर ते जा म्हणतील, बाप आहे, दुसरं काय म्हणणार. आणि त्या "जा"च्या मागे उण्याची रेघ असेल ती मला दिसेल. त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

सकाळी त्यांना सदरा चढवताना लक्षात आलं, तिसरं बटन परवा तुटलं होतं, ते कुणीतरी लावलंय. टाका बारीक, चौफुलीचा, पक्का. पतंग्यांच्या सुनेनं लावलं असेल, असं मी धरलं आणि पुढचं बटन लावलं.

"दमलीस व्हय?" आबांनी विचारलं.

"छे."

"मंग बरं," ते म्हणाले आणि हनुवटी आणखी वर केली.

त्या दिवशी मी वर्ग फळ्यावर घेतला नाही. प्रयोगशाळा उघडायला लावली. सिंधूनं नाक मुरडलं, "आता काय मॅडम, झाडून काढायचं का?"

"डायोडला विचारायचंय म्हणालीस ना काल? विचार."

सगळे टेबलाभोवती गोळा झाले. सिंधूनं दोन्ही डायोड जोडले, वरून वीज दिली. मी तिच्या हातात व्होल्टमीटरच्या दोन तारा दिल्या. "पहिल्या डायोडच्या दोन टोकांना लाव. तू त्याला चालू धरलं होतंस. चालू असेल तर काटा शून्याच्या उजवीकडे जरासा हलेल, उंबरठा ओलांडण्यापुरता."

तिनं तारा टेकवल्या. काटा उजवीकडे गेलाच नाही. सटकन डावीकडे जाऊन तबकडीच्या कडेला थडकला आणि थरथरत तिथेच राहिला.

"अगं बया!" सिंधूनं तारा काढल्या, पुन्हा टेकवल्या. पुन्हा तेच. "ह्यो तर तोंड फिरवून बसलाय."

"हेच ते उणं. कागदावर तू खोडलंस. इथं खोडून दाखव."

कुणी हसलं नाही. सगळे त्या काट्याकडे बघत होते.

"मुका हाय," सिंधू हळूच म्हणाली, "पर खोटं बोलत न्हाई." मग तिचा मूळ स्वभाव वर आला. "मॅडम, हे आम्हाला वर्षाच्या सुरुवातीला का न्हाई दावलं? आम्ही आपलं धरत बसलो, धरत बसलो."

"मीटर तेवढे नाहीत आपल्याकडे."

"एक तर हाय की."

ती दुसऱ्या डायोडकडे वळली होती.

"मग पयला बंद हाय, तर ह्यो दुसराबी मेलाच असणार. त्याच्या जिवावर तर होता."

"लावून बघ."

काटा उजवीकडे हलला. जरासाच, पण स्वच्छ.

"जित्ता हाय की ह्यो!"

"असणारच. पहिला बंद झाला म्हणून दुसरा मरत नाही. पहिला चालू धरला होता तेव्हा त्याच्यातून जेवढी वीज जाईल असं वाटलं, तेवढी जात नाही. थोडी कमी जाते. पण त्याची वाट त्याला असते. तो त्याच्या वाटेनं..."

मी बोलता बोलता थांबले. मुलांना वाटलं, मॅडमचा घसा कोरडा पडला. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायले. तेवढ्यात लाइट गेली, पंखा गरगरत थांबला, काटा शून्यावर येऊन निजला. माणदेशात उन्हाळ्यात लाइट गेली की दुपारभर येत नाही. मी वर्ग सोडून दिला.

अशा भर दुपारी मी कधी घरी जात नसे. आळीत चिटपाखरू नव्हतं. पत्रे तापून कडकड वाजत होते. घराशी आले तर दार लोटलेलं. खिडकी उघडी होती. आबा झोपले असतील, दार वाजवायला नको, म्हणून मी खिडकीतून आत डोकावले.

आबा झोपले नव्हते. भिंतीवरच्या आरशापुढे उभे होते. गिऱ्हाइकांनी कपडा घालून बघावा म्हणून लावलेला तो जुना आरसा. अंगात सकाळचा नव्हे, दुसरा धुवट सदरा, काठी भिंतीला टेकवलेली. त्यांचा डावा हात वरून खाली येत होता. अंगठ्यानं काज जरा ताणायचं, दोन बोटांनी बटन तिरपं करून आत सारायचं, पुढचं. कुठे अडखळणं नव्हतं. तो शिंप्याचा हात होता, फक्त बाजू बदललेला. आबा गुणगुणत होते. नीट ऐकलं तर आईच्या ओवीची चाल होती, शब्द नव्हते. शेवटचं बटन लावून त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि आरशातल्या माणसाकडे असं पाहिलं की मला माझे लहानपणीचे आबा दिसले. गळ्यात टेप, कानावर खडू, अख्ख्या आळीला थट्टेनं हाका मारणारे.

मी दोन पावलं मागे सरले असेन. चप्पल फरशीवर वाजली.

आत एकदम शांत झालं. मग मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आबांनी घाईघाईनं बटनं काढायला सुरुवात केली. खालचं, मधलं, वरचं. एकेक करून सगळी. काठी घेतली, पलंगावर येऊन बसले, डावा हात मांडीवर निर्जीव टाकला, आणि हनुवटी वर केली.

मी दार ढकलून आत आले. समोर स्टुलावर बसले. हात पुढे केले नाहीत.

"लवकर आलीस," आबा म्हणाले.

"लाइट गेली."

"सदऱ्याची बटनं राह्यलीत बघ."

"लावा की."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. बाहेर पत्रा कडकडला.

"कुठनं बघितलंस?"

"खिडकीतनं."

"लावताना का काढताना?"

"दोन्ही."

चोरी सापडलेल्या पोरासारखा त्यांचा डावा अंगठा बोटांमध्ये लपला.

"कधीपासून जमतंय?"

"संक्रात झाली आसंल." मग म्हणाले, "पतंग्याच्या दुकानात बसतो दुपारचा. तू यायच्या आत येतो माघारी. काजं करतो, हुका लावतो. डाव्या हातानं पयल्यांदा लई वाकडं यायचं. आता त्याची सून म्हणती, आबा, तुमचाच टाका नीट."

"तिसरं बटन तुम्हीच लावलंत."

"तुटलं हुतं."

माझ्या डोळ्यांपुढून सगळ्या सकाळी सरकत गेल्या. हनुवटी वर, बटनं, वाटी, पदर.

"मग रोज सकाळी मला का लावायला लावलीत? सांगितलं का नाही?"

"तुला बरं वाटतंय म्हणून."

"मला?"

"मंग काय मला?" आबा जरा चिडले. "मिशी काय तू पुसतीस, भांडं घासल्यागत. डोळं मिटून बसतो मी. पर त्याआधी तुझं तोंड बघून ठेवतो. दिसभर वाळलेलं आसतंय, बटनं लावताना तेवढं शांत आसतंय. माझ्या दुखण्यापायी दोन स्थळं माघारी गेली तुझी. शिकायचं राह्यलं. म्हणलं, हिच्याजवळ ऱ्हायलंय काय? माझी बटनं. तीबी काढून घेतली तर पोरगी उभी कशावर ऱ्हाईल?"

"आबा," मी म्हटलं. "मी तेव्हा शांत नसते. दमलेली असते."

"व्हय?"

"हो."

"सकाळी तर न्हाई म्हणलीस."

"खोटं म्हणाले."

"लई दमतीस?"

"लई."

आबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले, जणू एकेक सकाळ ते मोजून बाजूला ठेवत होते. मग म्हणाले, "मीबी दमलो गं."

"कशानं?"

"लुळं ऱ्हाऊन."

मी उठून खिडकीशी गेले. रडू आलं नाही. पुष्कळ वर्षं डोक्यावर धरलेली पाटी कुणीतरी खाली उतरवावी आणि मान तशीच आखडून राहावी, तसं झालं होतं. पाठीमागे बटनं लावल्याचा बारीक आवाज येत होता.

"औरंगाबादला जायचं विचारतायत," मी बाहेर बघत म्हटलं. "शिकायला. दोन वर्षं. परवा सांगायचंय."

आवाज थांबला.

"विचारू का तुम्हाला? पण आलेलं उणं खोडायचं नाही."

"काय खोडायचं न्हाई?"

"काही नाही. खरं सांगायचं."

आबांनी वेळ घेतला. कापड पुढ्यात आलं की ते असेच थांबत. कात्री हातात, नजर कापडावर.

"तू गेलीस तर सांजच्याला घर खायाला उठंल," ते म्हणाले. "दिवा लावायची येळ वाईट आसती. पयलं पयलं मी पतंग्याच्या दुकानातनं लवकर घरला येणार न्हाई. हे एक."

"आणि?"

"जेवणाचं हुईल. त्याची सून डबा दील, मी तिच्या बिलाउजांना हुका लावीन. पडलो तर पडलो, तात्या हाय. दत्तूबी येऊ दे की महिन्यातनं. त्याला घोर नसतो म्हणतोय, जरा आसू दे."

"आणि?"

"आणि तू गेलीस तर माझी मिशी सुटंल." आता त्यांच्या आवाजात ते जुनं हसू आलं, पण डोळे ओले होते आणि ते पुसायला त्यांचा डावा हात स्वतःहून वर गेला. "जा, इंदे. मला वाईट वाटंल. तू जा."

शनिवारी मी देशमाने सरांच्या खोलीत गेले. कागद तिथेच होता, जाधवांचं नाव पेन्सिलीत.

"काय ठरलं?" त्यांनी विचारलं. पेन आधीच हातात होतं, नाव पक्कं करायला.

"जाते मी, सर."

ते बघतच राहिले. "पण वडील?"

"त्यांना विचारलं."

"काय म्हणाले?"

"वाईट वाटेल म्हणाले."

सरांना या उत्तराचं काय करावं कळेना. शेवटी त्यांनी खोडरबर शोधला, सापडला तो माझ्याकडे सरकवला. जाधव तरुण होता, त्याला पुढची वर्षं होती. तरी ते नाव खोडताना माझा हात जड झाला.

सिंधूचा पेपर जूनमध्ये झाला. बाहेर आली ती लांबूनच ओरडत, "मॅडम, डायोडचं आलतं! पयल्यांदा उणं आलं, म्हणलं बरं झालं. परत मांडलं." ती पास झाली. पुढे कितीतरी वर्षं मी तो भाग शिकवला, आणि फळ्याला हात लावायच्या आधी टेबलावर मीटर ठेवत आले.

निघायच्या दिवशी मी आबांना चहा करून दिला आणि समोर ठेवला. त्यांचा त्यांनी प्यायला. मिशीला थोडा लागला, तो तसाच राहिला. सदरा त्यांनी स्वतः घातला. मी आत पिशवी बांधत होते, बघायला गेले नाही.

आबा उंबरठ्यापर्यंत आले. काठीवर रेललेले, पांढराशुभ्र सदरा. आणि मला दिसलं, एक बटन चुकलं होतं. वरचं दुसऱ्या काजात गेलेलं, मग सगळीच एकेक घर खाली. सदऱ्याची एक बाजू वर, एक खाली, गळ्याशी एक काज रिकामं उघडं. चाळीस वर्षं अख्ख्या गावाचे सदरे बेतलेला माणूस.

माझा हात उठला. मी तो पिशवीच्या बंदावर नेला.

"काय बघतीस?" आबांनी विचारलं.

"काही नाही. येते."

"ये. एसटी थांबायची न्हाई तुझ्यापायी."

मी आळीतून चालत गेले. पतंगे तात्यांनी दुकानातून हात केला. आळीच्या वळणावर राहवलं नाही म्हणून मागे पाहिलं. आबा अजून उंबरठ्यातच होते. हनुवटी छातीला टेकवून सदऱ्याकडे बघत होते. त्यांना दिसलं होतं. काठी त्यांनी दाराला टेकवली, डाव्या हातानं खालपासून सगळी बटनं काढली, आणि वरच्या बटनापासून पुन्हा सुरुवात केली.